वाटणीतला एसी

हॉलमधल्या प्लायच्या आडभिंतीवर टकटक झाली तेव्हा मी गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालत होते. आधी वाटलं, उंदीर असेल. मग पुन्हा टकटक झाली आणि पलीकडून आवाज आला.

"हेमा."

पाला माझ्या मुठीतच राहिला. त्या आवाजानं माझं नाव घेतल्याला दोन वर्षं झाली होती.

"हेमा, आहेस ना गं? आहेसच तू. आत्ता शिंकलीस."

"आहे," मी म्हटलं.

"एसीचा वास येतो का तुमच्याकडं?"

"येतो ना. ओल्या पोत्यासारखा."

"इकडंही तसाच. तू रोज सकाळी उठून शिंकत असतेस, मी ऐकते. माझाही घसा धरलाय." मग हळूच, "उद्या दुपारी एकटीच असशील?"

"हो. हे दुकानात असतात."

"बरं," एवढंच म्हणून अक्का गेल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाताना मला ऐकू आला.

प्रमिलाअक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. जळगावच्या या घरात अठरा-वीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच ओट्यावर स्वयंपाक केला. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरीसुद्धा थापता यायची नाही. अक्कांनी पहिल्या दिवशी माझी फाटलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली आणि त्यांची गोल भाकरी सासऱ्यांना वाढून "हेमानं केली" म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची झाले.

भावाभावांत बिनसलं ते दुकानाच्या पाटीवरून. पाइप आणि मोटारींचं ते दुकान सासऱ्यांनी काढलेलं. ते गेल्यावर पाटी नव्यानं रंगवून आणली, तर तिच्यावर एकट्या मोठ्या भाऊजींचं नाव. भाऊजी म्हणाले, रंगाऱ्यानं चूक केली. आमचे हे म्हणाले, मग दुरुस्त करून घ्या. पाटी काही दुरुस्त झाली नाही, आणि शब्दानं शब्द वाढत दोघं असं काही बोलून बसले, की जे नंतर गिळता येत नाही. ह्यांनी स्टेशनकडे वेगळं दुकान टाकलं. मग घर वाटलं.

पुढची खोली आणि जुनं स्वयंपाकघर त्यांना. मागच्या दोन खोल्या आणि पडवी आम्हाला. पडवीत मी नवा ओटा घालून घेतला. मधला मोठा हॉल दोघांत, म्हणून त्यात जमिनीपासून छतापर्यंत प्लाय उभा केला. अडचण आली ती एसीची. हॉलच्या टोकाच्या भिंतीवर तो नेमका मधोमध होता. सासऱ्यांनी तो फार हौसेनं बसवला होता. जळगावच्या मे महिन्यात आम्ही सगळं घर त्याच्यासमोर ओळीनं गाद्या टाकून झोपायचो. तो कोणी घ्यायचा, यावर दोघं भाऊ हटून बसले. शेवटी सुतारानंच वैतागून प्लाय एसीच्या मापानं कापला. अर्धा एसी इकडं, अर्धा तिकडं. स्विच त्यांच्या भागात गेला आणि रिमोट आमच्या हाती राहिला. म्हणजे त्यांनी स्विच दिल्याशिवाय आमचा रिमोट चालायचा नाही, आणि आम्ही रिमोट दाबल्याशिवाय त्यांना गार वारा मिळायचा नाही. रात्री जेवणं झाली की पलीकडं खट्ट वाजायचं. मग मी इकडून बटण दाबायची. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, पण एसी चालू होता.

आम्हा दोघींना 'बोलू नका' असं कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पण वाटणी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नळावर अक्कांशी दोन शब्द बोलले, तर हे मला म्हणाले, "तुला ठरवायचंय ते ठरव, तू कोणाच्या बाजूनं आहेस." तिकडंही तसंच काही झालं असणार. त्यानंतर अक्का नळावर माझ्या आधी तरी येऊन जायच्या नाहीतर नंतर तरी यायच्या.

प्लाय मात्र पातळ होता. पलीकडं अक्का उठल्या, देवापुढं घंटी वाजली, डाळीला फोडणी बसली, सगळं कळायचं. दुपारी मी ताट घेऊन प्लायला पाठ लावून जेवायला बसायची. मला काही मोठं गुज सांगायचं होतं असं नाही. नुसतं कोणी तरी म्हणायला हवं होतं, "हेमे, आज मीठ जास्त पडलंय गं." ह्यांना मीठ कमी काय, जास्त काय, कळतच नाही.

त्या वर्षी होळीनंतर पहिल्यांदा एसी लावला आणि तो वास सुटला. हे म्हणाले, "त्यांच्याकडची ओल असणार." तेवढ्यात पलीकडून भाऊजींचा आवाज आला, मुद्दाम चढवलेला, "पडवीत पाणी तुंबवून ठेवतात, मग वास येणारच!" दोघांनी आपापल्या खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, फिनेलनं फरशा पुसल्या. वास हलेना. मी स्टुलावर चढून बघितलं, तर एसीच्या पांढऱ्या पात्यांवर काळे ठिपके धरले होते, आणि बोटानं पुसले तर बोट काळं झालं. आतली जाळी काढून धुवायला वरचं झाकण उघडायला हवं. पण झाकण दोन्ही घरांवर पसरलेलं, आणि प्लाय त्याला असा घट्ट भिडलेला, की ते बोटभरही वर उचलता येईना. दोन वर्षांत जाळी धुतलीच नव्हती. मी ह्यांना म्हटलं, प्लाय थोडा सरकवून घेऊ या. हे म्हणाले, "प्लाय त्यांनी घालायला लावला, त्यांनी सरकवावा." पलीकडंही हेच उत्तर मिळालं असेल, शब्द तेवढे उलटे करून.

अक्कांनी टकटक केली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवण उरकून बसले होते. पलीकडं माणसाचा आवाज आला. शकीलभाई, आमच्या भागातले फ्रिज-एसी दुरुस्त करणारे. मोठं कुटुंब, पिकलेली दाढी, कधी घाईत नाहीत.

"वहिनी, दोन घरं आणि एक मशीन? मी एवढी वर्षं काम करतोय, असं नाही बघितलं."

"बघितलं ना आता? मग ही एसीजवळची फळी काढा," अक्का म्हणाल्या.

"फळी? घरातल्या माणसांना विचारलंय का?"

"मग आम्ही कोण? आम्ही घरातलीच माणसं आहोत."

शकीलभाईंनी स्क्रूड्रायव्हर काढला. मग स्क्रू निघायला लागले. एकेक स्क्रू काढताना प्लाय माझ्या बाजूला थरथरत होता. मी उभी राहिले, केस नीट केले, पदर नीट केला. कशासाठी, काय माहीत. पाहुणे येणार असल्यासारखं झालं मला. मग फळी हलली, तिरकी झाली, आणि शकीलभाईंनी ती उचलून बाजूच्या भिंतीला टेकवली.

अक्का समोर उभ्या होत्या. केस किती पांढरे झाले होते! नळावर लांबून दिसायचे तेव्हा कळलं नव्हतं.

"वाळलीस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही पण."

"मी म्हातारी झाले. वाळणं वेगळं." आणि शकीलभाईंकडं वळून म्हणाल्या, "हं, बघा काय ते."

शकीलभाईंनी झाकण उघडलं. जाळ्यांवर करड्या धुळीची गादी बसली होती. आतला लांबट गोल पंखा काळाभोर, त्याच्या एकेका पात्यात बुरशी. त्यांनी बॅटरी मारून आम्हाला दाखवलं.

"हे बघा. गार हवेनं आत पाणी सुटतं. धूळ त्यात भिजते. मग मशीन बंद केलं की आत अंधार, ओल, बुरशीला आणखी काय पाहिजे? तोच वारा तुम्ही रोज नाकात घेताय."

"आणि आम्ही भांडत होतो वास कोणाचा म्हणून," अक्का म्हणाल्या. मला हसू आलं. मग त्याही हसल्या. तोंडावर पदर धरून, शकीलभाईंना ऐकू जाऊ नये असं आम्ही हसत राहिलो.

शकीलभाईंनी एसीखाली मोठी प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पंपानं पाण्याचा फवारा मारला. पिशवीत काळं पाणी उतरायला लागलं. जाळ्या आम्ही मागच्या नळावर नेल्या. अक्का नळ धरायच्या, मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायची. इतकी वर्षं आम्ही भांडी अशीच घासली होती, त्यामुळे कोणी काय धरायचं ते ठरवावं लागलं नाही.

"केतकी कशी आहे?" अक्कांनी विचारलं. केतकी म्हणजे माझी मुलगी, पुण्याला कॉलेजात होती. तिच्या वेण्या दहावीपर्यंत अक्काच घालायच्या.

"बरी आहे. केस कापलेत."

अक्कांनी नळ बंद केला. "किती?"

"मानेपर्यंत."

"विचारायचं तरी," त्या म्हणाल्या, आणि नळ पुन्हा सुरू केला. मी ब्रश घासत राहिले. तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडत होते, त्यामुळे डोळे पुसावे लागले नाहीत.

जाळ्या सावलीत वाळत टाकल्या. शकीलभाईंनी आत सगळं पुसून काढलं, बाहेर पाणी जाण्याची तुंबलेली नळी फुंकून मोकळी केली. जाळ्या बसवून माझ्याकडं रिमोट मागितला आणि नुसता पंखा चालू केला.

"गार हवा नाही, नुसता वारा. तासभर चालू द्या, आत कोरडं होईल. आणि रोज एसी बंद करण्याआधी असाच नुसता पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा, मग वास धरणार नाही. तोवर फळी राहू द्या. मी संध्याकाळी येऊन बसवून देतो."

ते गेले. हॉल आमच्यापुढं उघडा पडला होता, एका टोकाला निदान. त्या एका फळीएवढ्या फटीतून मी पलीकडं गेले. जुन्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. ओटा तसाच होता. मी आत गेले नाही. अक्का म्हणाल्या, "जा की." मग गेले आणि डबे उघडून बघितले. हळद कुठं, शेंगदाण्याचं कूट कुठं, सगळं जिथल्या तिथं. माझा हात न बघता पोहोचत होता.

"बिबड्या केल्या का या वर्षी?" मी विचारलं. ज्वारीचे ते पापड दर उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून करायचो.

"एकटीनं कशा करू? रात्रभर पीठ भिजवा, घाटा शिजवा, गच्चीवर चढवा. तू केल्यास?"

"मी पण नाही. बाजारातून आणल्या."

"बाजारातून!" अक्कांनी असं तोंड केलं, जसं काही मी बुरशीच आणली घरात.

त्यांनी कैरीचं पन्हं केलं. आम्ही दोघी एसीखाली फरशीवर बसून प्यालो. वारा कोरडा येत होता. वास विरत चालला होता. त्या त्यांच्या मुलाचं सांगत होत्या, नाशिकला त्याची नोकरी कशी पक्की झाली, सून कशी शिकलेली पण कामाला खमकी आहे. मी ऐकत होते. ऐकता ऐकता फरशीवर आडवी झाले, नुसती पाठ टेकायला म्हणून. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही अशाच लवंडायचो. अक्का बोलत राहिल्या. त्यांचा आवाज जवळून येत होता, मध्ये काही नाही. मला कधी झोप लागली कळलंच नाही.

जाग आली ती चपलांच्या आवाजानं. भाऊजी हॉलच्या दारात उभे होते. मी धडपडून उठले, पदर सावरला. अक्का माझ्या उशाशी तशाच बसलेल्या, मांडी न मोडता. त्यांनी मला उठवलं नव्हतं. फळी लावायला शकीलभाई आले होते, तेही मला नंतर कळलं. अक्कांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

"प्लाय कोणी काढला?" भाऊजींनी विचारलं.

"मी," अक्का म्हणाल्या.

"कशाला?"

"वास येत होता म्हणून."

भाऊजींनी एसीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात मागच्या दारानं आमचे हे आले. "हेमा, पाणी..." म्हणत हॉलमध्ये आले आणि थबकले. दोन वर्षांनी दोघं भाऊ असे समोरासमोर आले. आता काय होतंय म्हणून मी एकदा ह्यांच्याकडं, एकदा भाऊजींकडं बघत राहिले. भांडले असते तरी चाललं असतं. निदान आवाज झाला असता.

अक्का उठल्या. जुन्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि एकाच ताटलीत चार कप चहा घेऊन आल्या. पहिला कप ह्यांना दिला. ह्यांनी उभ्यानंच घेतला.

"बस ना, दिगू," अक्का म्हणाल्या.

हे आमच्या बाजूच्या पलंगाच्या काठावर बसले. चहाचे घोट ऐकू येत होते. भाऊजींनी कप खाली ठेवला, मान वर केली आणि हुंगल्यासारखं केलं.

"आता वास नाही."

"नाही," हे म्हणाले.

मी अक्कांकडं बघितलं. मला वाटलं, झालं. दोन शब्द झाले, आता तिसरा होईल, चौथा होईल. मी कप दोन्ही हातांनी धरला.

भाऊजी उठले. "स्क्रू कुठं ठेवलेत?" त्यांनी विचारलं.

शकीलभाईंनी ते एका ताटलीत ठेवले होते. अक्कांनी ती ताटली पुढं केली. भाऊजींनी फळीचं एक टोक धरलं. जड होती. एकट्याला उचलेना. हे पलंगावरून उठले आणि दुसरं टोक धरलं.

"जरा वर."

"धरलंय."

"डावीकडं घे. अजून."

"बास?"

"बास. दाबून धर."

आमचे हे इकडून दोन्ही तळहातांनी फळी दाबून उभे राहिले आणि पलीकडून भाऊजी स्क्रू पिळत गेले. दोन वर्षांत दोघं भाऊ एकमेकांशी एवढं बोलले ते त्याच वेळी. फळी पूर्ण बसायच्या आधी एक बारीक फट उरली होती. त्यातून अक्का म्हणाल्या, "हेमा, स्विच बंद करायच्या आधी नुसता पंखा चालू ठेवायचा. विसरशील."

"नाही विसरणार," मी म्हटलं.

फट बंद झाली. ह्यांचे हात फळीवर तसेच होते. शेवटचा स्क्रू बसला तरी त्यांनी ते लगेच काढले नाहीत.

स्विच तर त्यांच्या बाजूला होता. मग अक्का ते मला का सांगत होत्या? त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. मी नळावरून उठून बोळातून बघितलं. कपाट, गाद्या, देव्हारा, पाट्याचा दगड. भाऊजींनी दुकान विकलं होतं आणि ते कायमचे मुलाकडं नाशिकला निघाले होते. त्यांच्या बाजूचा भाग त्यांनी आम्हालाच देऊ केला होता. कागद महिन्याभरापूर्वीच झाले होते, मध्ये एक मामा होते. ह्यांनी मला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "कसं सांगायचं कळेना."

मी तशीच ओल्या पायांनी पुढच्या दारात गेले. अक्का देव्हाऱ्यातले देव एका टॉवेलात गुंडाळत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "त्या दुपारी."

"होतं."

"मग सांगितलं का नाही, अक्का?"

त्यांनी बाळकृष्ण टॉवेलात ठेवला, त्यावर घडी घातली.

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का तशी?"

बाहेर हे टेम्पोवर चढले होते आणि गाद्यांवरून दोर ओढत होते. खालून भाऊजी दोराचं टोक धरून "आणखी आवळ, आणखी आवळ" म्हणत होते.

आता हॉल पूर्ण आमचा आहे. प्लाय ह्यांनीच पुढच्या रविवारी काढला, कोणी न सांगता. भाऊ-भाऊ लग्नाकार्यात भेटतात तेव्हा बोलतात, पाऊसपाण्याचं. मी नाशिकला गेले दोनदा. अक्कांचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, दारं लावली की लिफ्टचासुद्धा आवाज येत नाही. खोलीखोलीत वेगळा एसी. अक्का तिथं मला कानाशी येऊन म्हणाल्या, "इथं कोणाचंच काही ऐकू येत नाही गं."

त्यानंतर केतकीनं मला स्मार्टफोन घेऊन दिला आणि अक्कांना त्यांच्या सुनेनं. रोज सकाळी दहा वाजता त्या फोन लावतात. सुरुवातीला आम्ही बोलायचो. हल्ली बोलायला तसं काही उरत नाही. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर डब्यांना टेकवून ठेवते आणि माझं काम करते, त्या त्यांचं करतात. कधी तिकडून पीठ चाळल्याचा आवाज येतो, कधी नुसता खोकला. मध्येच त्या विचारतात, "काय करतेस?" मी म्हणते, "वांगी चिरते." बास.

परवा मी भाजी निवडत फरशीवर बसले होते. कुकरची शिट्टी झाली. एक, मग दुसरी. मी हातातली मेथी टाकून उठले, गुडघ्यावर हात टेकून, गॅसकडं गेले आणि बटण फिरवायला हात पुढं केला. गॅस बंदच होता. मी अजून कुकर लावलाच नव्हता.

"हेमा," फोनमधून अक्का म्हणाल्या, "उठलीस का गं? बस, बस. मी करते बंद."